पिस्तूल कधी अडकलं नाही, म्हणजे किती गोळ्यांत?

ठाण्यात परवानाधारक पिस्तूलवाले एकमेकांना भेटतात ते दोनच ठिकाणी. निवडणूक जाहीर झाली की पोलीस ठाण्यात शस्त्र जमा करताना, नाहीतर मुंबईत फोर्टमधल्या बंदुकीच्या दुकानात काडतुसं घेताना. दोन्हीकडे गप्पा फिरून फिरून एकाच वाक्यावर येतात: "आपलं कधी अडकलं नाही बघा." मग पिस्तूल कुठल्या बनावटीचं, कोणाकडून घेतलं, आज विकलं तर किती लाख येतील, सगळं निघतं. झाडलेल्या गोळ्यांचा आकडा तेवढा निघत नाही. मी विचारतो. विचारलं की माणूस जरा वर बघतो, मनाशी मोजतो आणि म्हणतो, "घेतलं तेव्हा पाच-सहा मारून बघितल्या होत्या. नंतर कुठे वेळ मिळतो?"

माझी वागळे इस्टेटला टूलरूम आहे. प्रेस टूल, जिग, गेज असली कामं. माल तपासणं हा रोजचा धंदा असल्यामुळे हे वाक्य माझ्या कानाला खटकतं. एखाद्या पुरवठादाराने सहा नग तपासून अख्ख्या लॉटवर ओकेचा शिक्का मारला, तर आम्ही त्याचा टेम्पो गेटवरून परत पाठवतो. पिस्तुलाच्या बाबतीत मात्र भलेभले लोक सहा नगांवर आयुष्यभराचा शेरा देऊन मोकळे होतात.

माझ्याकडे पिस्तूल आलं ते अण्णांकडून, म्हणजे वडिलांकडून. जांभळी नाक्याला आमचं भुसार मालाचं दुकान होतं. वसुलीला अण्णा स्वतः भिवंडी, मुरबाड, शहापूरकडे जायचे. रोकड अंगावर आणि रस्ते तेव्हाचे. त्या कारणाने त्यांना परवाना मिळाला होता. पिस्तूल ७.६५ मिमीचं, ज्याला आपल्याकडे सगळे '३२ बोअर' म्हणतात ते. युरोपातल्या एका जुन्या कारखान्यात तयार झालेलं, आणि १९८०च्या दशकाच्या मध्याला खासगी आयात बंद झाली त्याच्या आधी देशात आलेलं. कारखान्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की लोक नावावरच बोलत बसतात, आणि माझं म्हणणं नेमकं त्याच्या उलट आहे.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवानाधारक ७० वर्षांचा झाला, किंवा शस्त्र त्याच्याकडे २५ वर्षं राहिलं, की तो हयात असतानाच वारसाच्या नावाने परवाना मागता येतो. अण्णा दोन्ही अटींत बसत होते. ए-१ नमुन्यातला अर्ज, इतर वारसांची हरकत नसल्याची पत्रं, पोलीस पडताळणी, मुलाखत आणि शस्त्र सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं एस-१ प्रमाणपत्र. ठाणे शहरात परवाना देणारं कार्यालय म्हणजे खारकर आळीतलं पोलीस आयुक्तालय. शेवटी परवानाधारकांच्या राष्ट्रीय नोंदणीतला यूआयएन, म्हणजे ओळख क्रमांक, पडतो आणि परवाना हातात येतो. पूर्वी त्याची मुदत तीन वर्षं असायची. २०१९च्या दुरुस्तीनंतर ती पाच झाली. वेळ लागतो, पण गूढ असं त्यात काही नाही. माझ्या परवान्यावर काडतुसांचा आकडा पडला तो असा: एका वेळी २५, वर्षाला ५०. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पिस्तूल नावावर झाल्यावर मी ते पहिल्यांदा नीट उजेडात पाहिलं. अण्णांनी ते चामड्याच्या कव्हरात घालून लोखंडी कपाटात ठेवलेलं. ठाण्याच्या पावसाळ्यात चामडं ओल धरतं, आणि चामडं कमावताना वापरलेली रसायनं त्या ओलीबरोबर पोलादाला लागतात. स्लाइडच्या, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागाच्या, डाव्या अंगावर, जिथे कव्हर घट्ट बसायचं, तिथलं ब्लूइंग, म्हणजे पोलादावरचा निळसर-काळा थर, गेलं होतं आणि बारीक खड्डे पडले होते. मॅगझिन, म्हणजे काडतुसं भरायची पेटी, एकच, तीही कायम भरलेली. काडतुसांच्या पितळेवर हिरवट थर आला होता. ती जुनी काडतुसं मी वापरली नाहीत, परवानाधारक दुकानदाराकडे जमा केली आणि नवी घेतली.

"चालतं ना अण्णा?" मी विचारलं.

"चालतं म्हणजे? एकदम ए-वन. एकदासुद्धा अडकलं नाही."

"किती वेळा उडवलंत?"

"ते उडवायला असतं होय रे?"

त्यांचंही चूक नव्हतं. कमरेला पिस्तूल आहे एवढं बाजारात माहीत असणं, हाच त्यांच्या लेखी त्याचा उपयोग होता. तो त्याने चोख केला. पण वस्तू विश्वासाची आहे की नाही, हा प्रश्न त्यातून सुटत नाही.

मग रेंज. प्रशिक्षकाने आधी रिकामं पिस्तूल हातात देऊन पकड, उभं राहणं, बोट कुठे ठेवायचं हे घोटून घेतलं. नंतर मॅगझिनमध्ये दोनच काडतुसं भरायला सांगितली. दोन नीट उडाली. मग चार. त्यातल्या तिसरीला स्लाइड अर्धवट मागे राहिली आणि फटीतून काडतुसाची रिकामी पुंगळी वर उभी. प्रशिक्षक म्हणाला, "बोट बाहेर. नळी समोरच राहू दे. आता बघा, हात लावू नका." मी बघितलं. पुंगळीची कड एका बाजूला चेपली होती. मॅगझिन काढून, स्लाइड ओढून ती पाडली. पुन्हा भरलं. थोड्या वेळाने दुसऱ्या तऱ्हेने अडकलं: पुंगळी बाहेर गेली, पण खालून येणारं काडतूस नाकाने चेंबरच्या, म्हणजे नळीत काडतूस बसायच्या जागेच्या, तोंडाखाली टेकून तिरकं बसलं.

हे यंत्र आतून कसं चालतं ते इथे सांगावं लागेल. ३२ बोअरची बहुतेक पिस्तुलं साध्या धक्क्यावर चालतात. नळी जागेवर पक्की. गोळी पुढे जाते, तोच दाब पुंगळीला मागे ढकलतो, आणि स्लाइडचं वजन अधिक स्प्रिंगचा जोर एवढंच काय ते त्याला क्षणभर धरून ठेवतं. कुलूप नाही, कडी नाही. स्लाइड मागे जाताना एक्स्ट्रॅक्टर नावाचा छोटा आकडा पुंगळीला कडेने धरून ओढतो, पुंगळी इजेक्टर नावाच्या अडसरावर आपटून बाहेर उडते. स्लाइड पुढे येताना मॅगझिनमधलं वरचं काडतूस ढकलून चेंबरमध्ये नेते. म्हणजे प्रत्येक गोळीला ओढणं, फेकणं, उचलणं, भरणं ही चार कामं, तीही डोळ्याची पापणी लवायच्या आत. आमच्या प्रेसवर प्रोग्रेसिव्ह टूलमध्ये पत्र्याची पट्टी एकेका स्टेशनवरून पुढे सरकत तयार होते तसंच हे आहे: एका स्टेशनवर तुकडा नीट सुटला नाही की दोष दिसतो पुढच्या स्टेशनवर. त्यामुळे "अडकलं" या शब्दाला काही अर्थ नाही. कुठल्या कामात अडकलं ते लिहून ठेवायला हवं.

शेजारच्या लेनवर कळव्याची एक मुलगी सराव करत होती. कॉलेजात शिकते, २५ मीटर स्पोर्ट्स पिस्तूल खेळते. तिचं पिस्तूल .२२चं, म्हणजे ३२ बोअरहून बारीक गोळीचं, इटालियन, वापरलेलं घेतलेलं. माझं चाललंय ते ती मधूनमधून बघत होती. सराव संपल्यावर आली.

"काका, मॅगझिन किती आहेत तुमच्याकडे?"

"एकच."

"मग दोष पिस्तुलाचा की मॅगझिनचा, कळणार कसं?"

माझ्या टूलरूममधल्या पोराने हा प्रश्न विचारला असता तर मी त्याचा पगार वाढवला असता. तिच्या प्रत्येक मॅगझिनच्या बुडाला नेलपॉलिशने नंबर टाकलेले होते. एक वही होती. तारीख, काडतुसाचा ब्रँड आणि लॉट नंबर, कुठल्या मॅगझिनमधून किती, कितव्याला काय झालं. .२२च्या काडतुसात ठिणगीचा मसाला पुंगळीच्या कडेत भरलेला असतो. तो कडेभर सारखा पसरला नसेल तर पिन आपटूनही बार उडत नाही. म्हणून हे खेळाडू लॉट बदलला की आधी थोडी काडतुसं मारून बघतात, आणि एखादा लॉट पिस्तुलाला मानवला की त्यातलाच जमेल तेवढा साठा मिळवायला धडपडतात. हे न करणं त्यांना परवडतच नाही. स्टँडर्ड पिस्तुलात पाच गोळ्यांची एक मालिका दहा सेकंदांत संपवायची असते. २५ मीटर पिस्तुलाच्या रॅपिड फेरीत लक्ष्य तीन सेकंद दिसतं, सात सेकंद जातं. तिथे अडकलं तर हात वर करायचा, पंच येऊन पाहतो, आणि दोष पिस्तुलाचा की खेळाडूचा हे तो ठरवतो. खेळाडूचा ठरला तर गेलेली गोळी गेली.

तिच्या वहीत त्या एका पिस्तुलाच्या हजारो गोळ्यांची नोंद होती. मी तिला विचारलं, चांगलं आहे का पिस्तूल? ती म्हणाली, "दोन नंबरचं मॅगझिन सोडलं तर चांगलं आहे." पिस्तुलाबद्दल एखाद्या मालकाकडून ऐकलेलं हे मला सगळ्यात अचूक वाक्य वाटतं. त्यात नाव नाही, देश नाही, किंमत नाही.

पिस्तूल घेऊन मी फोर्टातल्या बंदुकीच्या दुकानात गेलो. इथे कायद्याची एक गंमत आहे. माझ्या टूलरूममध्ये स्प्रिंग मोजायची यंत्रं आहेत, पोलादाची कडकपणा-तपासणी आहे, मायक्रॉनमध्ये काम करणारे हात आहेत. पण शस्त्राचा भाग बनवणं किंवा दुरुस्त करणं हे परवानाधारक दुरुस्तीवाल्याचंच काम. माझ्या धंद्याचा मला इथे कणभर उपयोग नाही, आणि ते बरोबरच आहे. म्हणून मी स्टुलावर बसलो आणि दुकानात दुरुस्ती करणाऱ्या मिस्त्रीचाचांनी काम केलं.

चाचांनी आधी काही विचारलं नाही. पिस्तूल रिकामं असल्याची खात्री केली, स्लाइड उतरवली, भिंगाचा चष्मा लावला आणि एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्याखाली पितळी सुई फिरवली. सुईला पिवळसर काळी पेस्ट आली. त्यांनी ती पांढऱ्या फडक्यावर पुसली, बोटांत चोळली, वास घेतला आणि माझ्याकडे बघून हसले.

"हल्दी है."

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. दरवर्षी खंडेनवमीला अण्णा शस्त्रपूजा करायचे. पाटावर पिस्तूल, जुनी तलवार, दुकानाचा तराजू, वर झेंडूची फुलं, हळद-कुंकू, अक्षता. आमच्या टूलरूममध्येही लेथला आणि प्रेसला हळद-कुंकू लागतंच, पण दुसऱ्या दिवशी पोरं कॉटन वेस्टने पुसून काढतात. पिस्तूल मात्र पूजेनंतर तसंच कव्हरात जायचं. वर अण्णा सढळ हाताने तेल सोडायचे, शिलाई मशीनचं. इतक्या वर्षांची हळद, तेल आणि जुन्या बाराची काजळी एकत्र होऊन आकड्याच्या मागे घट्ट पुटी बसली होती. आकडा पूर्ण आत झुकतच नव्हता. पुंगळीची कड त्याला नखभर मिळत होती. म्हणून तो तिला चेंबरमधून काढायचा, पण इजेक्टरपर्यंत घट्ट धरून ठेवायचा नाही. पुंगळी मध्येच सैल व्हायची आणि फटीत उभी राहायची. चाचांनी सांगितलं, दसऱ्यानंतर महिनाभर त्यांच्याकडे हळदीची गिऱ्हाइकं येतात. एकाच्या नळीत तांदळाचा दाणा निघाला होता. नळीत अडथळा असताना बार काढला तर नळी फुगू शकते, फाटूही शकते. म्हणून पूजा करायची तर पिस्तूल मिटलेल्या डबीत ठेवून डबीची करा, असं ते प्रत्येकाला सांगतात.

दुसरा दोष मॅगझिनचा. चाचांनी माझ्या मॅगझिनची स्प्रिंग काढून त्याच जातीच्या नव्या स्प्रिंगशेजारी उभी केली. जुनी बरीच बुटकी. आम्ही म्हणतो तशी स्प्रिंग बसली होती, म्हणजे दबून कायमची आखूड झाली होती. मॅगझिन भरून ठेवल्याने स्प्रिंग जाते की नाही यावर पिस्तूलवाल्यांत हाणामारीपर्यंत वाद होतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. चांगल्या पोलादाची स्प्रिंग तिच्या मर्यादेत दाबून ठेवली तर ती वर्षानुवर्षं फारशी बसत नाही. ती थकते दाब-सोड, दाब-सोड यात. पण खिशातल्या पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये जागाच मुळात कमी. शेवटचं काडतूस भरताना स्प्रिंग मर्यादेच्या अगदी काठावर, कधी पलीकडे जाते. तिथे ती दाबून ठेवली की बसणारच. तेव्हा "भरून ठेवू नका" म्हणणारेही खरे आणि "काही होत नाही" म्हणणारेही खरे, फक्त वेगवेगळ्या मॅगझिनबद्दल. स्प्रिंग ढिली झाली की खालचं काडतूस वेळेत वर येत नाही. स्लाइड परत येते तेव्हा ते अजून अर्ध्या वाटेत असतं, स्लाइड त्याला तिरकं ढकलते आणि नाक खाली टेकतं.

३२ बोअरची आणखी एक खोड चाचांनी दाखवली. हे काडतूस अमेरिकेतल्या जॉन ब्राउनिंग या शस्त्ररचनाकाराने केलेलं, १८९९ सालचं. त्याच्या बुडाची कड अंगापेक्षा किंचित बाहेर असते. मॅगझिनमध्ये वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेच्या पुढे हवी. चुकून मागे गेली तर दोन्ही एकमेकांत अडकतात, आणि मग स्लाइड ढकलून काही होत नाही, मॅगझिनच काढावं लागतं. आपल्याकडे सर्रास मिळणारी गोळी ७१ ग्रेन वजनाची, शिशावर पूर्ण जॅकेट म्हणजे धातूचं आवरण असलेली, गोल नाकाची असते. तिची लांबी मॅगझिनला पुरेशी भरते, त्यामुळे काडतूस पुढेमागे फार सरकत नाही. आखूड नाकाच्या गोळीला मोकळी जागा राहते आणि ही खोड वाढते. भरताना प्रत्येक काडतूस मागे टेकवून, वरचं पुढे आलंय ना हे बोटाने चाचपायचं. बस्स.

नवी स्प्रिंग घातली, हळद निघाली, तेलाचा थेंब जिथे हवा तिथेच पडला. नंतर रेंजवर पिस्तूल सरळ चाललं. अण्णांना सांगितलं तर म्हणाले, "मी म्हटलंच होतं."

पण मी अजून "अडकत नाही" असं म्हणत नाही, आणि का ते सांगतो. समजा एखादं पिस्तूल दर दहातली एक गोळी अडकवतं. भिकार पिस्तूल. तेच पिस्तूल सहा गोळ्या सलग विनातक्रार मारेल याची शक्यता ५३ टक्के आहे. अर्ध्याहून जास्त! दहा गोळ्या मारेल याची ३५ टक्के. म्हणजे घेताना सहा गोळ्या मारून "ए-वन" म्हणणाऱ्या माणसाने खरंतर नाणं उडवलेलं असतं. आमच्या धंद्यात एक ढोबळ सूत्र आहे: अमुक इतके नग तपासले आणि एकही बाद निघाला नाही, तर बाद होण्याचं खरं प्रमाण फार तर तीन भागिले नगांची संख्या एवढं असेल, असं ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं. शंभरात एकाहून जास्त अडकत नाही असं म्हणायचं तर ३०० गोळ्या न अडकता जायला हव्यात. माझा परवाना वर्षाला ५० देतो. सहा वर्षं. आणि मध्ये एकदा अडकलं तर मोजणी पुन्हा लांबते.

तुलनेसाठी एक गोष्ट. अमेरिकी लष्कराने १९११ साली नवं पिस्तूल निवडताना याच ब्राउनिंगच्या पिस्तुलातून ६,००० गोळ्या मारल्या होत्या. तापलं की पाण्यात बुडवायचं आणि पुढे चालू. ते एकदाही अडकलं नाही. तशी चाचणी मी माझ्या परवान्यावर घ्यायची म्हटली तर १२० वर्षं लागतील.

म्हणून देशी चांगलं की विलायती हा वाद मला पोकळ वाटतो. ९ मिमीसारखी लष्करी कॅलिबर आपल्या साध्या परवान्यावर मिळत नाहीत. राहतं मुख्यतः ३२ बोअर आणि .२२. त्यात सरकारी कारखान्यांचं 'अशनी' पिस्तूल, हल्लीच्या खासगी कंपन्यांचा माल, आणि आयातबंदीच्या आधीचे जुने विलायती नग, जे मृत परवानाधारकांच्या वारसांकडून किंवा सीमाशुल्काने जप्त केलेल्या मालातून फिरत येतात. जुन्या विलायती नगाला मोठी किंमत येते ती तो कमी म्हणून. ती किंमत टंचाईची आहे, पोलादाची नाही. ऐंशी वर्षांचं पिस्तूल, तितकीच जुनी स्प्रिंग, सुटे भाग बंद, मॅगझिन एकच. यावर पाच लाख ओतून माणूस म्हणतो भरवशाचं घेतलं. कशाचा भरवसा? मला विचाराल तर ज्याची दोन-तीन मॅगझिनं आणि स्प्रिंगा आजही दुकानात मिळतात ते घ्यावं, मग ते कुठलंही असो. काडतुसाचंही तेच. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा, आता पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडियाखाली येतो. कोणाचंही काडतूस असो, डबीवरचा लॉट वहीत उतरवायला पेनाचा काय तो खर्च.

दुकानात एकाने मला सांगितलं की तो शहापूरच्या फार्महाऊसवर जाऊन मारून बघतो. म्हटलं, हे मला सांगू नका. लग्नकार्यात, समारंभात नुसत्या उत्साहात, इतरांच्या जिवाला धोका होईल असा बार काढणं हादेखील २०१९च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंतच्या कैदेचा, किंवा लाखापर्यंत दंडाचा, किंवा दोन्हींचा गुन्हा आहे. ज्याला मारून बघायचंय त्याने रेंजवर यावं.

२०२४च्या लोकसभेला आचारसंहिता १६ मार्चला लागली. जमा करायची नोटीस आली तसं पिस्तूल पोलीस ठाण्यात दिलं, पावती घेतली. ठाण्याचं मतदान २० मेला, निकाल ४ जूनला. परत मिळेपर्यंत पाऊस सुरू. जमा करताना मी चामड्याचं कव्हर दिलंच नाही. आमच्या तयार गेजना आम्ही गंजरोधक व्हीसीआय कागदात गुंडाळतो, त्यातच पिस्तूल गुंडाळून प्लास्टिकच्या डब्यात बंद केलं होतं, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. आलं तसंच्या तसं. मॅगझिन मात्र कागदाबाहेर राहिलं होतं, त्याच्या तळाला गंजाचा बारीक ठिपका. माझ्या मागे उभ्या असलेल्या गृहस्थांनी आपलं पिस्तूल चामड्यातून काढलं, तर स्लाइड हलेना. दोन्ही हातांनी ओढल्यावर करकरत मागे गेली. "कधी अडकत नाही हो," ते हवालदाराला म्हणाले, "आजच कसं काय!"

नोव्हेंबरात विधानसभेला पुन्हा तेच. यावेळी मॅगझिनही कागदात.

आता अण्णा वसुलीला जात नाहीत, दुकान भाड्याने दिलंय, आणि भाडेकरू भाडं मोबाइलवर पाठवतो. घरात मधूनमधून विषय निघतो की विकून टाक. मी विकत नाही, कारण वही सुरू आहे. पहिल्या पानावर मॅगझिन नंबर एक, जुनी स्प्रिंग, दोन प्रकारचे अडथळे. त्याखाली रेघ मारून नवी स्प्रिंग. रेघेनंतर शंभरी पार झाली आहे आणि एक नोंद आहे: पिन आपटली, बार उडाला नाही. नळी समोर धरून अर्धा मिनिट थांबलो, मग काडतूस काढलं. पिनेचा ठसा खोल होता, म्हणजे दोष काडतुसाचा. लॉट नंबर लिहिला आहे. त्या लॉटमधलं दुसरं काही झालं तर दुकानदाराला दाखवेन.

गेल्या आठवड्यात फोर्टातून फोन आला. एका वारसाने विकलेल्या मालात माझ्या जातीचं एक मॅगझिन आलंय. तोंडाची एक कड किंचित वाकलेली आहे, चाचा सरळ करून बघतो म्हणतात, आणि दुकानदार त्याचे जे पैसे सांगतोय त्यात आमच्याकडे एक छोटं प्रेस टूल होतं. शनिवारी जाऊन बघणार आहे. कळव्याच्या मुलीला विचारलं घेऊ का. ती म्हणाली, "घ्या काका, पण दोन नंबर टाका त्याच्यावर."